हमी कोणापुढे दिली?

शास्त्रपाठ: नहेम्या ५:१-१३, यिर्मया ३४:८-२२



या तिमाहीचा अभ्यासपाठ कोर्टकचेरीचा आहे, त्यामुळे काहींना तो कोरडा वाटेल. पण जालना जिल्ह्यातल्या भिल्ल आणि पारधी कुटुंबांमध्ये आपण जे काम करतो, त्यातला बराच वेळ हल्ली एकाच गोष्टीत जातो. भांडण मिटलेले असते, कागद झालेला असतो, सह्या-अंगठे झालेले असतात, आणि ठरलेले मात्र झालेले नसते. तडजोड होईपर्यंत सगळे बरोबर असतात. वकील असतात, गावातले चार लोक असतात, आमच्यासारखे कार्यकर्ते असतात. ठरलेली तारीख उलटते तेव्हा ते कुटुंब एकटे पडते. आणि तक्रार घेऊन आलेच, तर लोक त्यालाच विचारतात, "मिटलं होतं ना तुमचं? मग आता काय?"

आपल्या मंडळ्यांतूनही हा प्रश्न येतो, जरा सौम्य शब्दांत. समेट झाल्यावर पुन्हा कोर्टाची पायरी चढणे विश्वासणाऱ्याला शोभते का? विचारणारे प्रामाणिक असतात, म्हणून मला हा प्रश्न टाळायचा नाही. आधी शास्त्रात बघू.

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात दुष्काळ आहे. लोकांनी धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली आहेत. राजाचा सारा भरायला कर्ज काढले आहे. मुले-मुली दुसऱ्यांच्या दास्यात गेली आहेत. यातले एकही वाक्य मंठा-परतूरकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. उचल घेतली, फेडायला कोयता घेऊन सहा महिने कारखान्यावर गेलो, परत आलो तरी उचल शिल्लकच, हे त्याने भोगलेले आहे. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की ही ओरड परक्या राजाविरुद्ध नव्हती. आपल्याच यहूदी भाऊबंदांविरुद्ध होती. नहेम्याला राग आला, त्याने मनाशी विचार केला आणि मग मोठी सभा भरवून सरदारांना व अधिकाऱ्यांना सर्वांसमोर जाब विचारला. ते निरुत्तर झाले. शेते, मळे, घरे परत करू, व्याज घेणार नाही, असे कबूल झाले.

आपल्यापैकी बहुतेकांनी तिथेच आनंदाने गीत म्हणून सभा संपवली असती. नहेम्याने संपवली नाही. त्याने याजकांना बोलावले आणि त्या लोकांकडून शपथ घेतली. मग आपल्या वस्त्राचा ओटा झटकून सांगितले, की जो हे वचन पाळणार नाही त्याला देव असाच झटकून टाकील. सगळी मंडळी आमेन म्हणाली. आणि त्या उताऱ्याचे शेवटचे वाक्य बघा. लोकांनी कबूल केल्याप्रमाणे केले, हीसुद्धा नोंद तिथे आहे. कबूल केले ही एक बातमी आणि प्रत्यक्ष केले ही दुसरी, हा फरक नहेम्याला कळत होता. तो प्रांताधिपती होता, कारभार पाहिलेला माणूस. त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवून त्याने त्यांचा अपमान केला, असे शास्त्र कुठेही म्हणत नाही.

यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात याची उलट बाजू आहे. बाबेलचे सैन्य वेशीवर आहे. सिद्कीया राजा यरुशलेमेतल्या लोकांबरोबर करार करतो, की प्रत्येकाने आपले इब्री दास-दासी मोकळे करावेत. करार देवाच्या मंदिरात होतो. वासरू कापून त्याच्या दोन भागांमधून चालत जाण्याचा विधीही होतो. दास सुटतात. पुढे सैन्य काही काळ माघारी फिरते, आणि मालक त्याच दासांना पुन्हा धरून आणतात.

मला हा उतारा वाचताना आपल्या तालुका कोर्टाचा व्हरांडा दिसतो. समन्स आले, साक्षीची तारीख जवळ आली, की समोरचा माणूस एकदम गोड होतो. तडजोड होते. केस निकाली निघते. "सैन्य" निघून गेल्यावर तोच माणूस पुन्हा बांधावर नांगर घालतो.

पण यिर्मयातला देवाचा आरोप नीट वाचा. दासांवर अन्याय झाला, एवढ्यावर तो थांबत नाही. माझ्या नावाच्या मंदिरात माझ्यासमोर करार केला आणि तो मोडून माझे नाव बाटवले, असा तो आरोप आहे. शब्द दासांसाठी दिला होता, पण दिला होता देवापुढे. म्हणून तो मोडणे हा मालक आणि दास यांच्यातला खासगी मामला उरला नाही.

आपल्या देशाचा कायदाही हाच फरक करतो, हे पुष्कळांना माहीत नसते.

कोर्टात तडजोड होते तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. एक म्हणजे दोन पक्षकारांमधला करार. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ प्रमाणे तो लेखी असावा लागतो, त्यावर दोघांच्या सह्या लागतात, आणि कोर्ट त्याप्रमाणे हुकूमनामा करते. आपल्याकडे याला तडजोड पुरसिस म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे हमी. "मी अमुक तारखेपर्यंत अमुक करीन अशी न्यायालयास हमी देतो" असे लिहून दिले, किंवा न्यायाधीशांसमोर सांगितले आणि ते नोंदवले गेले, तर तो शब्द समोरच्या पक्षकाराबरोबर न्यायालयालाही दिलेला असतो. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात दिवाणी अवमानाची जी व्याख्या आहे, तिच्यात न्यायालयाचा आदेश जाणूनबुजून मोडण्याच्या शेजारीच न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणे हेही आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

हे फक्त पुस्तकात आहे असे कोणाला वाटत असेल, तर मुंबईच्या एका मोठ्या उद्योगाचे उदाहरण घ्या. रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि तिच्या दोन सहयोगी कंपन्यांकडे एरिक्सन या कंपनीचे पैसे अडकले होते. २०१८ मध्ये तडजोड झाली, की मूळ मागणी खूप मोठी असली तरी ५५० कोटी रुपयांवर मिटवायचे आणि ते ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचे. अध्यक्षांनी सर्वोच्च न्यायालयात हमीपत्रे दिली. पैसे आले नाहीत. न्यायालयाने १५ डिसेंबरपर्यंत मुदत वाढवून दिली. तीही गेली. मालमत्ता विकली गेली की त्यातून देऊ असा आमच्या हमीचा अर्थ होता, असा बचाव झाला. न्यायालयाने तो मानला नाही. २० फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन आणि न्यायमूर्ती विनीत सरन यांनी अनिल अंबानी आणि इतर दोन अध्यक्षांना अवमानाबद्दल दोषी ठरवले. ११८ कोटी आधीच न्यायालयात जमा होते. उरलेले सुमारे ४५३ कोटी चार आठवड्यांत द्या, नाहीतर तीन महिने तुरुंगात जा, असा आदेश झाला. शिवाय तिन्ही कंपन्यांना प्रत्येकी एक कोटी दंड झाला. (सर्वोच्च न्यायालयाचा अवमानाचा अधिकार थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद १२९ मधला आहे, म्हणून दोन हजारांच्या मर्यादेचा हिशेब इथे लावू नका.) मुदत संपायच्या आदल्या दिवशी, १८ मार्चला, पैसे भरले गेले.

इतके महिने जे पैसे नव्हते ते चार आठवड्यांत सापडले. आपल्या वीटभट्टीवरच्या माणसाला मी ही गोष्ट सांगते तेव्हा तो आधी हसतो आणि मग विचारतो, "ताई, आमच्या कागदात ते वाक्य आहे का?"

त्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे. ते वाक्य नसेल तर काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच बाबूराम गुप्ता विरुद्ध सुधीर भसीन या प्रकरणात सांगून ठेवले आहे. पक्षकारांनी आपसांत तडजोड केली, कोर्टाने त्याप्रमाणे आदेश केला, पण न्यायालयाला स्पष्ट हमी कोणी दिलीच नव्हती, तर नुसती तडजोड मोडली म्हणून अवमान होत नाही. अंमलबजावणीची वाट मोकळी राहते, पण अवमानाची नाही. पुढे २००६ मध्ये रमा नारंग विरुद्ध रमेश नारंग हे मुंबईच्या हॉटेल व्यवसायातल्या एका घराण्याच्या वाटणीचे प्रकरण आले. तिथे तडजोडीत हमी दिलेली होती. हुकूमनाम्याची अंमलबजावणी करता येते, तेव्हा अवमानाचा अर्ज चालणार नाही, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो फेटाळला. एक वाट उघडी आहे म्हणून दुसरी बंद होत नाही.

म्हणजे सगळा भार एका वाक्यावर आहे, आणि ते वाक्य तडजोडीच्या दिवशी, सगळे घाईत असताना, लिहिले जाते किंवा राहून जाते.

भोकरदन तालुक्यातल्या एका भिल्ल मावशींचे प्रकरण आमच्याकडे आले ते तडजोड होऊन दोन पावसाळे गेल्यावर. शेजाऱ्याने बांध कोरत कोरत त्यांचे काही गुंठे आत घेतले होते. दावा झाला, तडजोड झाली. पुरसिशीत एवढेच होते, की प्रतिवादी अतिक्रमण काढून घेतील व यापुढे वादीस त्रास देणार नाहीत. तारीख नाही. किती गुंठे, कोणत्या बाजूने, काही नाही. मोजणीचा नकाशा जोडलेला नाही. न्यायालयास हमी, हे शब्द नाहीत. तरी कोर्टात दरखास्त दाखल केली. (नवीन वाचकांसाठी: हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून मागण्याच्या अर्जाला आपल्याकडे दरखास्त म्हणतात. तो हक्काचा अर्ज आहे, याचना नव्हे.) समोरच्या वकिलांचा पहिला प्रश्न होता, "कोणतं अतिक्रमण?" आणि कायद्याने त्यांचे चूक नव्हते. हुकूमनाम्यात जे नाही ते दरखास्त चालवणाऱ्या कोर्टाला त्यात घालता येत नाही. मावशी मला म्हणाल्या, "बाई, बांध तर सगळ्या गावाला दिसतो." गावाला दिसतो, पण कागदाला दिसत नाही. शेवटी सरकारी मोजणी झाली, दोन्ही बाजू पुन्हा बसल्या, आणि नकाशा जोडून, तारीख घालून, न्यायालयास हमी देऊन नवी पुरसिस झाली. हद्दीचे दगड या पेरणीच्या आधी रोवले गेले. त्या दोन वर्षांत त्या पट्ट्यात पिकलेल्या कापसाचा हिशेब कोणीही दिला नाही, आणि तो आता मागायचा नाही असे मावशींनीच ठरवले. तो त्यांचा निर्णय होता. कोणी त्यांच्या गळी उतरवलेला नव्हता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गावात सरपंचांसमोर, तंटामुक्ती समितीत किंवा पोलीस ठाण्यात शंभर-पाचशेच्या बाँडपेपरवर जे लिहून घेतात, ती न्यायालयाला दिलेली हमी नव्हे. तो कागद पुरावा म्हणून उपयोगी पडतो, पण मोडला तर पहिल्यापासून दावा करावा लागतो. भांडण अजून कोर्टात गेलेले नसेल आणि दोघेही मिटवायला तयार असतील, तर तोच समेट लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणून करता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. तो अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. दिवस एकच लागतो आणि कोर्ट फी नाही. चेक न वटल्याचे फौजदारी प्रकरण लोकअदालतीत मिटले असले, तरी त्या निवाड्याची दरखास्त करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये के. एन. गोविंदन कुट्टी मेनन यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आता त्या वीटभट्टीबद्दल. एका पारधी नवरा-बायकोची हंगामाची मजुरी थकली होती. लोकअदालतीत समेट झाला, रक्कम तीन हप्त्यांत ठरली, तारखांसह. पहिला हप्ता आला, पुढचे दोन आले नाहीत. भट्टीचा मालक हा परका माणूस नव्हता. तो आपल्याच एका मंडळीत उपासनेला बसणारा आहे. म्हणून मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला सुचवले, की दरखास्त करू नका, बभ्रा होईल, पौलाने करिंथच्या मंडळीला काय लिहिले ते आठवा.

पौलाने लिहिलेले मी पुन्हा वाचले. पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो खरोखरच रागावला आहे. भावाभावांनी एकमेकांना कोर्टात खेचण्यापेक्षा अन्याय सोसलेला बरा, असे तो सातव्या वचनात सुचवतो. आपण सातवे वचन वाचतो आणि तिथेच थांबतो. आठव्या वचनात तो त्यांना म्हणतो, की तुम्ही स्वतःच अन्याय करता, आणि तोही आपल्या भावांवर. त्याआधी पाचव्या वचनात तो विचारतो, की भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? म्हणजे पौलाच्या मते आधी मंडळीने बसून निकाल लावायला हवा होता आणि ज्याने बुडवले त्याला द्यायला लावायला हवे होते. ते काम मंडळीने केले नाही, तर मजुराला सोशिकपणाचा धडा देण्याचा अधिकार तिला उरत नाही. शिवाय हे पारधी कुटुंब आपल्या मंडळीतले नाहीच. दुसरा गाल पुढे करायचा की नाही, हे ज्याचा गाल आहे त्याने ठरवायचे असते.

मी हे त्या वडिलांना असेच सांगितले, आदराने. दोन रविवार देऊन पाहिले. काही झाले नाही. मग त्या दोघांना विचारले. नवरा गप्प होता. बाई म्हणाली, "पैसे सोडले असते ताई, मागंही सोडलेत. पण त्यानं शब्द त्या साहेबासमोर दिलाय. आम्ही सोडला तर साहेबाला काय वाटंल, की हे लोक उगाच आले होते."

तिने यिर्मया वाचलेला नाही. दरखास्त झाली, नोटीस गेली, आणि पुढच्या तारखेला दोन्ही हप्ते कोर्टात जमा झाले. मालक अजूनही उपासनेला येतो. माझ्याशी पहिल्यासारखा बोलत नाही.

मुदतींचे एवढे ध्यानात ठेवा, कारण इथे फार नुकसान होते. हुकूमनाम्याची दरखास्त साधारणपणे बारा वर्षांत करता येते. पण एखादी गोष्ट करण्याचा किंवा काढून टाकण्याचा आज्ञार्थक मनाई हुकूम असेल, तर त्याला तीनच वर्षे आहेत. अवमानाच्या अर्जाला फक्त एक वर्ष, अवमान घडल्या दिवसापासून. पोटगी ठरली असेल आणि थकली असेल, तर वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता नव्या संहितेत कलम १४४ झाले आहे, ही मुदत तशीच आहे. "नांदवायला नेतो" म्हणून तडजोड करून गेलेला नवरा वर्षभर गोड बोलत राहतो, त्यामागे कधी कधी हेही गणित असते.

अवमानाच्या अर्जाबद्दल फार आशा लावू नका, हेही सांगायला हवे. तालुक्याच्या दिवाणी कोर्टाला या कायद्याखाली स्वतः शिक्षा करता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, जावे लागते. तिथे हमी मोडली एवढे दाखवून भागत नाही, जाणूनबुजून मोडली हे दाखवावे लागते. म्हणून आपल्या बहुतेक प्रकरणांत पहिली वाट तालुक्यातच आहे. पैशाचे असेल तर दरखास्तीत जप्ती, मनाई हुकूम मोडला असेल तर जप्ती किंवा दिवाणी कैद. अवमानाचे शस्त्र मागे असावे, कारण ते मागे आहे हे समोरच्याला माहीत असले की पुष्कळदा पुढचे सोपे होते.

आणि "जाणूनबुजून" हा शब्द आपल्याच माणसाला वाचवणाराही आहे. हमी देणारा दरवेळी सावकार किंवा मालक नसतो. कितीतरी वेळा आपल्या भिल्ल भावाने हप्ते फेडायची हमी अंगठा लावून दिलेली असते, पाऊस गेला, आणि भीतीने तो तारखेला कोर्टात जातच नाही. ते सर्वांत वाईट. जो देऊ शकत नाही त्याच्याकडे आणि जो देत नाही त्याच्याकडे कायदा सारख्या नजरेने पाहत नाही, पण कोर्टाला त्यातला फरक कळायला माणूस समोर उभा राहावा लागतो. तारीख यायच्या आधी अर्ज करून मुदत मागावी. ज्यांच्याकडे शेकडो कोटी होते त्यांनासुद्धा एकदा मुदत मिळाली होती.

अंगठा लावण्याआधी तो कागद त्याच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवला गेला पाहिजे. मराठी समजते म्हणून पुरसिशीतली मराठी समजते असे नाही. यहोशवाने गिबोनकरांना चौकशी न करता शब्द दिला आणि तो पुढच्या पिढ्यांनाही बांधून राहिला. शौलाने तो मोडला, त्याची किंमत दावीदाच्या काळात दुष्काळाने मोजावी लागली. घाईने दिलेला शब्दही शब्दच असतो.

एका प्रकारच्या तडजोडीची मात्र अंमलबजावणी मागायची नाही, तर ती होऊच द्यायची नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय जाऊ शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मध्ये विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल सगळे येते, दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतली विक्रीसुद्धा. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून इथे हे कलम लागू नाही, असे सांगणारे लोक मला भेटले आहेत. ते खरे नाही. हे संरक्षण क्षेत्राला नव्हे, माणसाला आहे. तेव्हा "इतके लाख घेऊन ताबा कायमचा सोडतो" असे कोणी पुरसिशीत घालू पाहत असेल, तर ती तडजोडीच्या नावाने विक्री आहे, आणि बेकायदा करारावर तडजोडीचा हुकूमनामा होऊ शकत नाही. तसेच, उचल फिटेपर्यंत काम करीन अशी हमी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने गेली, आणि तिच्यातले कर्जही तिच्याबरोबरच गेले.

अभ्यासगटात हा पाठ घेताना नहेम्या ५ आणि करिंथकरांस पहिले पत्र ६:१-८ एकापाठोपाठ वाचा, आणि आपल्या शेतात, भट्टीवर, घरी काम करणाऱ्या कोणाचे काही ठरलेले देणे राहिले आहे का, हे आधी स्वतःला विचारा. मग वस्तीवर जाताना विचारायचे प्रश्न: कोर्टात कधी काही मिटले होते का? तो कागद कुठे आहे? त्यावर तारीख कोणती? बहुतेक घरांत कागद पत्र्याखाली किंवा पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो, आणि तो पुरसिशीची प्रत आहे की नुसता वकिलाच्या फीचा कागद, हे घरच्यांना माहीत नसते. प्रत नसेल तर कोर्टात नक्कल अर्ज करून हुकूमनाम्याची आणि त्या दिवसाच्या रोजनाम्याची नक्कल घ्यावी. तोंडी दिलेली हमी कधी कधी रोजनाम्यातच सापडते.

वकिलाच्या फीची काळजी करू नये. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. दरखास्तीसाठीही मिळते. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत किंवा जालन्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. जातीचा दाखला आणि तो कागद सोबत असावा. कागदावरची तारीख उलटून दहा-अकरा महिने झाले असतील, तर आमच्या पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात जा.